जुने पेपर सोडवणं म्हणजे कॉपी नव्हे

'जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून पास होणारी मुलं काही शिकत नाहीत, ही सभ्य कॉपीच आहे,' असा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. कारणं तीन दिली आहेत: प्रश्न आधीच कळतात, मुलं नुसती घोकतात, आणि सीनियरांशी ओळख असेल त्यांनाच पेपर मिळतात. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, पेपरही काढते, म्हणून हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी कॉपीचं बघू. यंदाचा पेपर आदल्या रात्री फुटणं हा गुन्हा आहे. परीक्षा संपल्यावर मुलांनी उघडपणे घरी नेलेला पेपर पुढच्या बॅचने सोडवणं हा सराव आहे. पेपर परत घेतला जात असेल, तर चोरून काढलेला फोटो वापरू नये, हे मला मान्य आहे.

प्रश्न आधीच कळतात? मग चूक पेपर काढणाऱ्याची. दरवर्षी तेच प्रश्न आकडे बदलून द्यायचे आणि वर मुलांना बोल लावायचा, हे आम्हा शिक्षकांना शोभत नाही.

घोकंपट्टीचा आरोप मात्र नीट तपासायला हवा, कारण खरी गल्लत इथेच आहे. समजा, गेल्या वर्षी उतारावरून खाली घसरणाऱ्या ठोकळ्याचा प्रश्न होता. यंदा तोच ठोकळा वर ढकलायचा आहे. ज्याने उत्तर पाठ केलं, तो घर्षणाचा बाण पुन्हा उताराच्या वरच्या दिशेनेच काढतो आणि तिथेच फसतो. ज्याने वही मिटून स्वतः आकृती काढली होती, त्याला घर्षण गतीच्या विरुद्ध असतं हे आठवतं, आणि त्याचा बाण खाली वळतो. जुना पेपर दोघांकडेही होता. एकाने तो वाचला, दुसऱ्याने सोडवला.

यामागे संशोधनही आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. नंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. 5 मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे 56 टक्के मजकूर राहिला होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या 42 टक्के. आदल्या रात्री वाचताना सगळं 'येतंय' असं वाटतं आणि पेपरात हात अडतो, तो यामुळेच.

राहिला ओळखीचा मुद्दा. तो खरा आहे आणि मलाही सलतो. पण त्यावर उपाय पेपर लपवणं नव्हे, सगळ्यांना देणं आहे. माझे जुने पेपर मी ग्रंथालयात ठेवले आहेत. उत्तरं वेगळ्या पाकिटात आहेत, आणि आपली सोडवलेली पानं दाखवल्याशिवाय ते पाकीट कुणालाच मिळत नाही.