पॅरिसमध्ये ज्यांना खुर्ची नव्हती

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाचा विषय निघाला की आपली गाडी जर्मनीवरच येऊन थांबते. युद्धाची जबाबदारी त्यांच्या माथी मारली, १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई ठरवली, त्या अपमानावर हिटलर पोसला. हे खरंच आहे. पण १९१९ च्या पॅरिस परिषदेचं मोठं पाप मला वेगळं वाटतं. ज्यांच्या भवितव्याचा निकाल लागत होता, त्यांना दारातच अडवलं गेलं.

आपलंच बघा. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने परिषदेसाठी टिळक, गांधी आणि सय्यद हसन इमाम यांची नावं ठरवली. टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते. पॅरिस हाकेच्या अंतरावर, पण सरकारने जाऊ दिलं नाही. मंडालेत सहा वर्षं काढून आलेल्या, साठी ओलांडलेल्या या माणसाने मग परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून भारताचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. भारताला परिषदेत जागा नव्हती असंही नाही! तिथे ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा होते, म्हणजे सरकारला चालणारी माणसं. दहा लाखांहून जास्त भारतीय सैनिक समुद्रापार गेले, इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणींनी उपासमार सोसली, आणि त्यांच्या देशाच्या वतीने बोलायचं कुणी, हे लंडनने ठरवलं. मला याचा आजही संताप येतो.

११ एप्रिल १९१९. त्याच परिषदेत, नव्या राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्स) घटना ठरवणाऱ्या आयोगासमोर जपानचा वांशिक समानतेचा ठराव. सतरापैकी अकरा मतं बाजूने पडली. अध्यक्षस्थानी स्वयंनिर्णयाचे पुरस्कर्ते, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन. एकमत नाही म्हणून त्यांनी ठराव फेटाळला. त्यानंतर दोनच दिवसांनी इकडे जालियनवाला बाग घडली.

चीनचं दुखणं तर अजून खोल. लाखाहून जास्त चिनी मजूर युरोपात खंदक खणायला, माल वाहायला गेले होते. युद्धात चीन दोस्तांच्या बाजूने होता. तरी शांडोंग या चिनी प्रांतातले जर्मनीचे हक्क चीनला परत न देता जपानच्या हवाली केले. ४ मे रोजी बीजिंगचे विद्यार्थी तिआनआनमेनला जमले, जपानधार्जिण्या मंत्र्याचं घर त्यांनी पेटवलं. २८ जूनला व्हर्सायच्या करारावर चीनने सही केलीच नाही. त्या चळवळीने पेटलेल्या पिढीतून, चेन दुश्यू आणि ली दाजाओ यांच्या पुढाकाराने, १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला. पुढचं यादवी युद्ध एकट्या शांडोंगमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण पाश्चात्त्य लोकशाहीवरचा चिनी तरुणांचा विश्वास तिथे तुटला, एवढं नक्की.

सगळ्यांना बोलावलं तर तह कधीच होणार नाही, असं काही जण म्हणतात. अडचण मलाही कळते. पण फ्रान्सच्या ताब्यातल्या व्हिएतनामी लोकांनी त्या परिषदेला जे निवेदन दिलं, त्यात स्वातंत्र्यसुद्धा मागितलं नव्हतं. राजकैद्यांची सुटका, वृत्तपत्रस्वातंत्र्य, समान कायदा, एवढंच! ते चर्चेलाही घेतलं नाही. खाली सही होती न्गुयेन आय क्वोक, म्हणजे पुढचे हो चि मिन्ह. १९५४ मध्ये जिनिव्हात इंडोचायनाची बोलणी सुरू झाली ती ८ मे रोजी, हो चि मिन्ह यांच्या सैन्याने दिएन बिएन फू हा फ्रेंचांचा लष्करी तळ घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा त्यांच्या प्रतिनिधींना खुर्ची द्यावीच लागली.