रॉस पेरो आणि आपली चार वर्षांची पोरं

भाऊ, नमस्कार.

अमेरिकन उद्योजक रॉस पेरोवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की टेक्सासच्या अब्जाधीशाचं यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला काय करायचं. तो नौदलात चारच वर्षं होता, त्यातही लवकर सुटायला धडपडला. आणि पैसा कमावला तो सरकारी कामांवर.

शेवटच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तर लेखात घेतल्या. १९५३ मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडलेल्या पेरोने १९५५ मध्येच मुदतीआधी मोकळं करा म्हणून अर्ज केला. तो फेटाळला गेला आणि १९५७ पर्यंत त्याला थांबावं लागलं. सरकारी कामांचंही तसंच. १९६५ मध्ये मेडिकेअर ही म्हाताऱ्यांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना आली, विमादाव्यांचे ढीग लागले आणि ते हिशेब कॉम्प्युटरवर करून देण्यात त्याची ईडीएस ही कंपनी मोठी झाली.

पण त्याआधीचं बघा. १९६२ मध्ये १,००० डॉलरवर कंपनी काढली तेव्हा तिच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. डल्लासमधल्या एका विमा कंपनीच्या मशीनचा रिकामा वेळ त्याने विकत घेतला आणि गरजू कंपनीला विकला. आपल्याकडे ट्रॅक्टर भाड्याने देणारे पुष्कळ. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचे रिकामे दिवस विकत घेऊन धंदा उभा करणारा मला तरी दिसला नाही. आणि हा माणूस परका कसा? त्याचे वडील कापसाचे दलाल होते, मंदीच्या काळात तो त्या घरात वाढला.



आता चार वर्षांचं. २०२२ च्या अग्निपथ या सैन्यभरती योजनेतून आपली पोरंही चारच वर्षांसाठी जाताहेत. त्यातली जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार, बाकीची पंचविशीच्या आसपास गावी परतणार. पेरो सुटला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. आपल्या या पोरांना पुढचा रस्ता कोण दाखवणार? आजवर पंधरा-पंधरा वर्षं नौदलात काढून आलेल्यांचं आपण काय केलं? जामनगरच्या आयएनएस वलसुरा या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात जहाजावरची वीजयंत्रणा शिकलेला माणूस एटीएमसमोर दंडुका घेऊन बसतो आणि आपल्या कापसाच्या जिनिंगची (सरकी काढण्याच्या कारखान्याची) मोटर बंद पडली की मिस्त्री नागपूरहून येतो. याचा मला मनापासून राग येतो. पेरोने व्हिएतनामहून परतलेल्या अनेक सैनिकांना कामावर घेतलं, ते मेहेरबानी म्हणून नाही. शिस्त आणि शिकण्याची तयारी त्याला हवीच होती.

तुम्ही जिनिंगवाल्यांत उठता-बसता, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून दिसतं. हंगाम दिवाळीनंतर जोरात सुरू होईल. नौदलातून आलेला एखादा इलेक्ट्रिकलचा माणूस देखभालीसाठी घ्यायला त्यातलं कोणी तयार असेल, तर इथेच खाली कळवा. काम शोधणारे दोघं-तिघं माझ्या ओळखीत आहेत.