फाइल उघडली नाही म्हणजे रेकॉर्डिंग गेलं, असं नाही

साउंडवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: कार्यक्रमाचं मल्टिचॅनेल (प्रत्येक माइक वेगळ्या चॅनेलवर घेतलेलं) रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडलं नाही की फाइल करप्ट समजा. एकाच कार्यक्रमाच्या आठ-दहा फाइली पडल्या असतील तर मेमरी कार्डच खराब आहे. विंडोजने ‘दुरुस्त करू का’ विचारलं तर हो म्हणा. तेवढ्यानेही नाही जमलं तर एमपी3 करून घ्या. आणि गाणं बसकं वाजलं तर तोही करप्शनचाच परिणाम.

हे वाचून लोक कार्ड फॉरमॅट करून मोकळे होतात, म्हणून हे लिहितोय.

आधी त्या आठ-दहा फाइलींचं. एक्स32 या साउंड मिक्सरमध्ये बसणाऱ्या एक्स-लाइव्ह या रेकॉर्डिंगच्या भागाचंच घ्या, तो एसडी मेमरी कार्डावर फाइली लिहितो. 32 चॅनेल, सेकंदाला 48,000 सॅम्पल (म्हणजे आवाजाची मोजमापं), आणि आवाज 24 बिटचा असला तरी प्रत्येक सॅम्पल लिहायला 4 बाइट. म्हणजे दर सेकंदाला 61,44,000 बाइट. हा आवाज वेव्ह (.wav) फाइलीत जातो, आणि तिच्या सुरुवातीला स्वतःची लांबी लिहायची जागा 32 बिटची असते, तिथे 4 जीबीच्या वरचा आकडा मावतच नाही. एफएटी32 या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर एका फाइलची मर्यादाही तेवढीच. भागाकार करा: 699 सेकंद, म्हणजे 11 मिनिटं 39 सेकंद. विलंबित ख्याल अजून नीट रंगायचा असतो आणि इकडे दुसरी फाइल सुरू झालेली असते. कार्ड ठणठणीत आहे. सगळ्या फाइली क्रमाने एकाला एक चिकटवून ठेवल्या की सलग गाणं मिळतं. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या 32 चॅनेलांचे 32 वेगळे ट्रॅक करायची सोयसुद्धा आहे.

ही 4 जीबीची अडचण ओलांडायला आरएफ64 नावाचा प्रकार युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आणला. दिसायला वेव्हच, पण फाइलची पहिली चार अक्षरं वेगळी. जुनं सॉफ्टवेअर ती चार अक्षरं वाचतं आणि दारातूनच परत पाठवतं. तिथे फाइलीचा काहीच दोष नाही, नवं सॉफ्टवेअर लावा. साध्या प्लेअरमध्ये वाजत नाही म्हणून घाबरणाऱ्यांनाही हेच सांगेन: 32 चॅनेल एकदम वाजवायला तो प्लेअर बनलेलाच नाही.

एमपी3बद्दल फार बोलायला नको. नेहमीचा एमपी3 दोन चॅनेलांचा. गायिका, तबला, पेटी, तंबोरे सगळे एकाच पातेल्यात पडले की मिक्स करायला हातात काय उरलं? (चार जीबीची फाइल ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवायला निघालेल्यांच्या चिकाटीला मात्र नमस्कार.)

‘दुरुस्त करू का’ला हो म्हणणं हा या सगळ्यातला सगळ्यात घातक सल्ला. ती दुरुस्ती कार्डाच्या नोंदींची असते, तुमच्या आवाजाची नव्हे. विंडोज कार्डावर लिहायला लागतं, बेवारस वाटलेले तुकडे उचलून फाउंड.000 नावाच्या फोल्डरात .सीएचके म्हणून टाकतं, आणि मग कुठला तुकडा कशानंतर हे शोधत बसा. त्याआधी मोठ्या एसडी कार्डाच्या कडेची ती बारकी कळ लॉककडे सरकवा, सगळं कार्ड लॅपटॉपवर कॉपी करा, आणि पुढचे उद्योग कॉपीवर करा.

आता खरोखर अडलेली फाइल. माझ्यावर ही वेळ एका दिवाळी पहाटेला आली. आठ चॅनेलांचा छोटा रेकॉर्डर, 24 बिट, 48,000. शेवटच्या टप्प्यात बॅटरी गेली, स्टॉप दाबायला मिळालंच नाही. घरी येऊन बघतो तर फोल्डरमध्ये फाइल 2.6 जीबीची आणि सॉफ्टवेअरमध्ये लांबी शून्य सेकंद. कारण असं की रेकॉर्डर आवाज लिहीत जातो, पण ‘एकूण इतका आवाज आहे’ हा आकडा बरेचदा स्टॉप दाबल्यावर हेडरमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात, भरतो. माझ्या फाइलीत त्या जागी नुसती शून्यं होती. सॉफ्टवेअरने शून्य वाचलं आणि शून्य दाखवलं, बिचारं खोटं बोलत नव्हतं.

अशा वेळी हेडरला बाजूला सारायचं. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्टखाली ‘रॉ डेटा’ आहे. तिथे हाताने सांगायचं: 24 बिट, लिटल-एंडियन (बाइटांचा क्रम), आठ चॅनेल, आणि सुरुवातीचे इतके बाइट सोडून दे. साध्या वेव्हला 44 बाइट सोडतात. मी 44 टाकले आणि कानात नुसती खरखर, धबधब्याखाली उभं राहिल्यासारखी. मग फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडली. डी-ए-टी-ए ही चार अक्षरं सापडली, त्यांच्यापुढे लांबीचे चार बाइट आणि त्यानंतर आवाज. माझ्या रेकॉर्डरचं हेडर लांबलचक होतं, आवाज 1,024 बाइटांनंतर सुरू होत होता. एका सॅम्पलला 3 बाइट, त्यामुळे हिशेब एका बाइटने जरी चुकला तरी खरखर. बरोबर तीनने चुकला तर आवाज स्वच्छ येतो, पण तबला तंबोऱ्याच्या ट्रॅकवर जाऊन बसतो!

1,024 टाकल्यावर पहिल्यांदा तंबोरा ऐकू आला. पण गायिका काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गायली होती, आणि इथे तिचा सा पांढरी सात आणि पांढरी एकच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता. तालही सुस्त. फॉरवर्डमधलं ‘बसकं गाणं’ ते हेच. मी घाईत सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) 44,100 ठेवला होता. 48,000चं रेकॉर्डिंग 44,100ने वाजवलं की स्वर जवळजवळ दीड पट्टी खाली उतरतो. आकडा बदलला, सा जागेवर आला.

आठही ट्रॅक मिळाले, साधारण 40 मिनिटांचे. बॅटरी गेल्यानंतर झालेली भैरवी मात्र कार्डावर नव्हतीच.