वासोटा: चढाई दोन तासांची, बाकी सगळं परवान्याचं

सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या जलाशयापलीकडे असलेला वासोटा किल्ला चढायला फार अवघड नाही. पायथ्याच्या मेट इंदवलीपासून दीड-दोन तासांची गर्द झाडीतली वाट आहे. दोर लागत नाही, कातळावर चिकटून लटकावं लागत नाही. तरी लोक त्याला दुर्गम म्हणतात आणि माझ्या मते बरोबरच म्हणतात. फक्त हा दुर्गमपणा डोंगराच्या आधी सुरू होतो: यादी, ओळखपत्र, परवाना, बोट, प्लास्टिकची मोजदाद, आणि मग उरलेल्या उजेडात बसला तर किल्ला.

जागा सरकारची, म्हणजे आपलीच, मग परवानगी कसली, असं बामणोलीत, म्हणजे जिथून बोट सुटते तिथे, परवान्याच्या खिडकीपाशी तावातावाने विचारणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याच्यासाठी सांगतो. किल्ला कोयना अभयारण्यात आहे. अभयारण्य १९८५चं आणि २०१० पासून तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरू शकतात ते असे: कामावर असलेला सरकारी नोकर, आत राहायची परवानगी असलेला, आत ज्याचा जमीनजुमला आहे तो, या तिघांवर अवलंबून असलेले, आणि सार्वजनिक रस्त्याने नुसता पलीकडे जाणारा. ‘गडप्रेमी’ असा वर्ग त्यात नाही. टी-शर्टवर मागे काय छापलंय याचीही कलमात दखल नाही. कलम २८ मात्र उदार आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आतल्या रहिवाशाशी कायदेशीर व्यवहार एवढ्या कारणांसाठी परवाना मिळतो. आपण ‘पर्यटन’मध्ये बसतो. गप्प बसलो तर लवकर बसतो.

तशी इथे प्रवेशाची अडचण जुनीच. पेशवाईच्या अखेरीस पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीने हा किल्ला पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांशी कित्येक महिने झुंजवला. १८१८ मध्ये इंग्रज आले, त्यांनी समोरच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागल्या आणि आत गेले. हा मार्ग आता बंद आहे. कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही आणि कलम ३२ प्रमाणे स्फोटकं वापरता येत नाहीत.

तेव्हा आधी यादी. प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, गाव, मोबाइल नंबर, आणि सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. ‘आधार मोबाइलमध्ये आहे’ हे वाक्य सातारा सोडण्याआधी खरं असतं. पुढे कासच्या पठारावरून खाली उतरताना रेंज जाते आणि आधार रेंजबरोबर जातो. म्हणून कागद. पैशांचंही तसंच. प्रवेश शुल्क, कॅमेऱ्याचं शुल्क, बोटीचं भाडं, गाइड घेतला तर त्याचे पैसे, सगळ्याचे दर बदलत असतात, पण रोख आणि सुट्टे लागतात हे बदलत नाही. सुट्टे सगळ्यांनी मिळून एकाकडे द्यावेत. दहा जणांनी दहा पाचशेच्या नोटा पुढे केल्या की खिडकीमागच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते कुठल्याही कलमात मोडत नाही.

आता आकड्यांचं. बोटीचं भाडं माणशी नसून बोटीमागे असतं आणि बोटीत साधारण दहा-बारा जण बसतात. चौघे गेलात तर खिसा रडतो. बारा गेलात तर स्वर्ग. तेरावा मात्र घात करतो, कारण त्याच्या एकट्यासाठी दुसरी अख्खी बोट करावी लागते. हा तेरावा नेहमी आदल्या रात्री साडेअकराला ‘मी पण येतोय’ म्हणून उगवतो. गटप्रमुखाने त्याला प्रेमाने घरी ठेवावं, किंवा आणखी दहा जण जमवून आणायला सांगावं. सहसा तो आपणहून घरी राहतो.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली पस्तीस-चाळीस किलोमीटर. घाटरस्ता, वळणं, आणि फुलांच्या हंगामात कासला गाड्यांची रांग. त्या दिवसांत पठारासाठी ऑनलाइन आरक्षण असतं आणि रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा असते. एका दिवसात कासची फुलं आणि वासोटा दोन्ही बघू म्हणणारे शेवटी पार्किंग बघून येतात. तसंही पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते. ओढे फुगतात, जळवा असतात, वाट हरवते. कधी उघडते ते निघण्यापूर्वी फोन करून विचारावं. ‘मागच्या वर्षी उघडी होती’ ही परवानगी नव्हे.

सकाळी लवकर बामणोलीत असाल तर दिवस पुरतो. हिशेब सोपा आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोटीला तास-दीड तास, चढायला दोन तास, वर एक तास, उतरायला दीड तास, परत बोट. संध्याकाळच्या आत जंगलातून बाहेर पडायचंच असतं. रात्री आत मुक्काम नाही, वर तंबू नाही. तंबूची हौस अलीकडच्या काठावर, बामणोली-तापोळ्याच्या बाजूला भागवावी. वेळ असा मोजका, तेव्हा बामणोलीत नाश्त्याला मिसळ सांगून ती येईपर्यंत फोटो काढत बसलात, तर ती मिसळ तुम्हाला बाबूकड्याच्या, म्हणजे किल्ल्यावरच्या उभ्या कड्याच्या, किमतीत पडते. पोहे घ्यावेत. लवकर येतात. परतल्यावरच्या पिठलं-भाकरीची ऑर्डरही तेव्हाच देऊन ठेवावी.

बोटीचं डिझेल इंजिन असं वाजतं की गप्पा मारता येत नाहीत, हा प्रवासाचा सर्वांत सुखाचा भाग. लाइफ जॅकेट घालून ठेवावं. ‘मला पोहता येतं’ हे वाक्य तलावात शिकलेल्यांनी कोयनेच्या पाण्यावर म्हणू नये. बोट चालवणाऱ्या मामांना मात्र परतीची वेळ नीट विचारून घ्यावी आणि ती पाळावी. ही इथलीच माणसं. खाली ज्या पाण्यावरून आपण जातो, त्यात इथल्या गावांची शेतं गेली आहेत. त्यांच्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करताना एवढं आठवलं तरी पुरे.

आता मुख्य परीक्षा. मेट इंदवलीला उतरलं की पिशव्या उघडतात आणि प्लास्टिक मोजलं जातं. बाटल्या, बिस्किटाचे पुडे, वेफर्स, चॉकलेटचे कागद, सगळं वहीत लिहिलं जातं, अनामत घेतली जाते, आणि परतताना तेवढंच दाखवावं लागतं. कलम २७ मध्येच लिहिलंय, अभयारण्यात कचरा टाकायचा नाही. आईने प्रेमाने दिलेली पिशवी, तिच्यात पिशवी, तिच्यात चिवड्याची पिशवी, तिच्या तोंडाला रबर. हा गुंता रांगेतल्या चाळीस लोकांसमोर सुटत असतो. उपाय घरीच करावा. खाणं स्टीलच्या डब्यात, पोळीभाजी कापडात, पाणी माणशी दोन-तीन लिटर धातूच्या बाटल्यांत. बिस्किटं पुड्यातून काढून डब्यात रचावीत आणि पुडा घरच्या कचऱ्यात टाकावा. स्टोव्ह आणि मॅगी दोन्ही घरी, कारण कलम ३० जंगलाला धोका होईल असा जाळ करू देत नाही. स्पीकरही घरीच. या जंगलात गवे आणि अस्वलं आहेत, त्यांना तुमची प्लेलिस्ट आवडली तर पंचाईत.

चढाईचं थोडक्यात: सुरुवातीला ओढा, मारुती, मग सावलीतली एकसारखी चढण. पुढे नागेश्वरची, म्हणजे गुहेतल्या महादेवाची, वाट फुटते तिथे थांबून सगळे जमले का ते पाहावं, नाहीतर अर्धा गट नागेश्वरकडे आणि अर्धा किल्ल्याकडे जातो आणि बोट एकच असते. दोन्ही एका दिवसात करायचा बेत पायांचं ऐकून ठरवावा, गटातल्या सगळ्यात उत्साही माणसाचं ऐकून नाही. वर बिनछपराचा मारुती, वाड्याचे अवशेष, टाकं, महादेवाचं मंदिर आणि बाबूकडा. कड्याच्या काठावर पाय सोडून सेल्फी काढू नये. तिथे अनामत परत मिळत नाही.

उतरताना मोजणीचे घोटाळे होतात. बाटली हरवत नाही, तिचं झाकण हरवतं. पुडा राहतो, फाडलेला कोपरा उडतो. ओआरएसचं पाकीट तर कुणी फोडलं हेच कुणाला आठवत नाही. म्हणून वरच एका पिशवीत सगळं गोळा करून वहीतल्या आकड्याशी ताळा करावा. आणि अनामतीची पावती एकाच माणसाकडे ठेवावी. फक्त गटात सगळ्यात हळू चालणारा कोण ते आधी ओळखून, त्याच्याकडे ती देऊ नये.