आपलाच प्लेअर आणि आपलीच हुर्यो

फुटबॉलमध्ये स्वतःच्याच टीमच्या प्लेअरची हुर्यो उडवून लोकांना नक्की काय मिळतं हे मला आजवर कळलेलं नाही. समोरचा स्ट्रायकर पेनल्टी घेतोय, बोंबला ना, घसा बसेपर्यंत बोंबला, तो खेळाचाच भाग आहे. पण माणूस आपला, अंगावर शर्ट आपला, आणि त्याच्याकडे बॉल गेला की आपल्याच स्टँडमधून "अरे याला का दिला" टाइपचा आवाज? मार्च २०२२ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंड वि. आयव्हरी कोस्ट फ्रेंडली होती, इंग्लंडचा डिफेंडर हॅरी मॅग्वायर, त्याचं नाव नुसतं लाउडस्पीकरवर आलं आणि इंग्लंडच्याच लोकांनी हुर्यो केली. बॉलला पाय लागायचा होता अजून! इंग्लंडचा तेव्हाचा कोच साउथगेट नंतर जाम भडकला आणि बरोबरच भडकला. आणि मॅच इंग्लंडने ३-० ने जिंकली, म्हणजे हरल्याचा राग वगैरे भानगड पण नव्हती.

मॅग्वायर त्या काळात वाईट खेळत होता का, तर हो, त्याच्या क्लबसाठी, मँचेस्टर युनायटेडसाठी, तर भयानक खेळत होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण अर्धा राग त्या ८ कोटी पाउंडांचा होता हो. २०१९ ला लेस्टरकडून घेतला तेव्हा डिफेंडरसाठी जगातला सगळ्यात मोठा आकडा. तो आकडा काय त्याने ठरवला होता? दोन क्लबच्या लोकांनी टेबलावर बसून ठरवला, ते लोक सूट घालून वर बॉक्समध्ये बसतात आणि त्यांची हुर्यो कोणी उडवत नाही, शिव्या खातो खाली उन्हापावसात पळणारा.

आता जरा बारकाईने बघा असा प्लेअर काय करतो. पुढच्या वेळी मॅच बघताना बॉल सोडून फक्त त्याच्याकडेच बघा. सेंटर बॅककडे (मधल्या डिफेंडरकडे) बॉल येतो, मान वर करतो, समोर दोन प्लेअरच्या मधून मिडफिल्डरला पास द्यायची जागा असते, फॉर्मात असता तर डोळे झाकून दिला असता. आता एक एक्स्ट्रा टच घेतो. तेवढ्यात जागा बंद. मग मागे गोलकीपरला. आणि स्टँडमधून परत कुरकुर की हा पुढे खेळतच नाही. अरे बाबांनो, पुढचा पास चुकला तर तुम्हीच खाणार आहात त्याला, हे त्याला माहितीये म्हणून तर मागे देतोय. भीतीने पहिला जातो तो रिस्क घेणारा पास, आणि मॅच तर त्याच पासवर जिंकल्या जातात. म्हणजे आपणच आपल्या टीमला एका माणसाने कमी करून टाकतो, रेफ्रीला रेड कार्ड काढायची गरजच नाही.

ज्याला हे कळलं त्याला फायदा झालेला आहे. जोएलिंटन आठवतो का? २०१९ ला न्यूकॅसलने ४ कोटी पाउंड देऊन घेतला, क्लबचा रेकॉर्ड, वरून ९ नंबरचा शर्ट, आणि पहिल्या सीझनला लीगमध्ये गोल किती तर दोन. जोकच झाला होता त्याचा. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये एडी हाउ कोच म्हणून आला, नॉर्विचविरुद्ध सुरुवातीलाच न्यूकॅसलला रेड कार्ड मिळालं आणि हा मागे मिडफिल्डमध्ये उतरून असा काही खेळला की त्यानंतर कोणी त्याला स्ट्रायकर म्हणून मोजलंच नाही. त्याच सीझनला क्लबचा प्लेअर ऑफ द इयर. २०२५ मध्ये लिव्हरपूलला हरवून लीग कप आणला, १९५५ नंतरची पहिली मोठी देशांतर्गत ट्रॉफी, त्या टीमच्या मिडफिल्डमध्ये हाच. आणि मॅग्वायर? एप्रिल २०२५, युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, लिऑंविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ ने मागे, ह्याला स्ट्रायकरसारखं पुढे पाठवलं आणि १२० मिनिटं उलटून गेल्यावर हेडर मारून ५-४. त्या रात्री त्याच्या नावाने नाचणाऱ्यांमध्ये आधी शिव्या देणारे किती होते ते त्यांनाच माहीत.

पण मला इथेच थोडी गोची वाटते. आपण कायम ह्याच स्टोऱ्या सांगतो. बघा, धीर धरला आणि फळ मिळालं. म्हणजे पाठिंबा ही काय एफडी आहे का, आज टाका आणि तीन वर्षांनी व्याजासकट घ्या? ज्यांचं कधी जमलंच नाही त्यांचं काय?

स्पेनचा स्ट्रायकर फर्नांडो टोरेस घ्या. जानेवारी २०११, लिव्हरपूलहून चेल्सीला, ५ कोटी पाउंड. लिव्हरपूलला १४२ मॅचमध्ये ८१ गोल मारलेला माणूस चेल्सीत आला आणि गोलच होईना. एप्रिल उजाडला. वेस्ट हॅमविरुद्ध धो धो पाऊस, मैदानात पाणी साचलेलं, बॉल डबक्यात अडकला, आणि त्या चिखलात वळून त्याने मारला एकदाचा. पूर्ण टीम त्याच्या अंगावर पडली, स्टेडियमचा आवाज असा की कप जिंकलाय, खरं तर साध्या लीग मॅचचा दुसरा गोल होता. मग वाटलं आता सुटला. कसला सुटतोय! त्याच वर्षी सप्टेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर एक गोल मारला, पुढे युनायटेडचा गोलकीपर डे हेआला चकवून मोकळ्या गोलसमोर पोचला आणि बॉल बाहेर. मोकळा गोल! ती क्लिप लोक अजून फिरवतात आणि हसतात. मला नाही हसू येत, त्यानंतर गवतावर तोंड खुपसून पडलेला तो माणूसच दिसतो.

हो, २०१२ ला चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला बार्सिलोनात शेवटच्या मिनिटाला एकटा पळत जाऊन गोल मारला आणि चेल्सी फायनलला गेली, ते आहेच. पण एकूण हिशोब काय, १७२ मॅच आणि ४५ गोल. पूर्वीचा टोरेस परत आला नाही तो नाहीच. तरीसुद्धा चेल्सीवाले वर्षानुवर्षं त्याच्या नावाने गात राहिले, आणि मला विचाराल तर फॅन म्हणून त्यांचं हेच सगळ्यात भारी काम, म्युनिकच्या फायनलला जिंकलेल्या त्या कपपेक्षाही भारी. (चेल्सीवाल्यांनी लगेच हवेत जाऊ नये, तुमच्या बाकीच्या गोष्टींवर वेगळी पोस्ट लिहिता येईल.)

आणि कोणीतरी येईलच कमेंटमध्ये, मग काय चुकलं तरी टाळ्या वाजवायच्या का. नाही हो. मॅच संपली की लिहा ना, पोझिशनिंग चुकलं, पळत नाही, कोचने बेंचवर बसवावा, विकावा, सगळं लिहा. मी पण लिहितो, तावातावाने लिहितो. पण मॅच चालू असताना मैदानात असलेल्या अकरापैकी एकाचा पाय आपण ओढायचा हे माझ्या डोक्याबाहेरचं आहे. आणि त्याच्या आईला, बायकोला, रंगाला धरून इन्स्टावर लिहिणं ही तर टीकाच नाही. २०२१ च्या युरो फायनलला इंग्लंडचा साका १९ वर्षांचा होता. पेनल्टी हुकल्यावर त्याच्या अकाउंटवर काय काय आलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण महिनाभरात टॉटनहॅमच्या मैदानावर फ्रेंडलीला तो उतरला तर टॉटनहॅमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कट्टर दुश्मन आर्सेनलच्या पोराला! टॉटनहॅमवाल्यांनी! ते जर एवढं करू शकतात तर आपल्याच प्लेअरसाठी आपल्याला काय झालंय.

असो, लांबलं फार. आता तुम्ही सांगा, तुमच्या टीममधला असा कोण ज्याचं शेवटपर्यंत जमलंच नाही तरी तुम्ही त्याच्यावर जीव टाकलात? युनायटेडवाल्यांनो, तुमच्याकडे फेल गेलेल्या फोर्लानचं नाव चालणार नाही, तो पुढे २०१० च्या वर्ल्ड कपचा बेस्ट प्लेअर झाला. खरोखरचे फेल गेलेलेच पाहिजेत.