लोखंड विकल्याने राज्य बुडत नाही

'सिव्हिलायझेशन' हा राज्य उभारण्याचा संगणकावरचा खेळ खेळायला नव्याने बसलेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: घोडे, लोखंड, तेल यातलं काहीही प्रतिस्पर्धी राष्ट्राला कधीच विकू नका. कारणं ठरलेली असतात. विकलेल्या लोखंडाच्या तलवारी आपल्यावरच उगारल्या जातात. साठवून ठेवलेलं पुढे कामी येतं. मिळणारं सोनं किरकोळ असतं आणि एआय, म्हणजे संगणकाने चालवलेला प्रतिस्पर्धी, वाटेल तेव्हा डील मोडतो. शिवाय, इतिहासात कुठल्या शहाण्या सत्तेने शत्रूला घोडे विकले? मी हा खेळ बरीच वर्षं खेळते आहे. सल्ला चुकीचा आहे हे तर आहेच, पण त्याच्या भीतीने अनेक जण खेळातला व्यापाराचा पडदा (स्क्रीन) उघडतच नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आधी तलवारींचं बघू, कारण खरी भीती तीच आहे. सिव्ह सिक्स, म्हणजे या मालिकेतला सहावा खेळ, त्याच्या २०१९ साली आलेल्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या पुरवणीमध्ये एका स्वोर्ड्समनला, म्हणजे तलवारधारी तुकडीला, २० लोखंड लागतं. म्हणजे तुम्ही २० विकलंत तर शेजाऱ्याची एक तुकडी उभी राहू शकते. एकच, आणि तिच्यासाठी त्याला त्याच्या शहराचं उत्पादनही खर्चावं लागतं. आता दुसरी बाजू. सर्वांत कठीण, म्हणजे डीटी लेव्हलला एआय खेळ सुरूच करतो ३ सेटलर (नवी शहरं वसवणारे) आणि ५ वॉरियर (साधे लढवय्ये) घेऊन, आणि प्रत्येक लढाईत त्याच्या सैन्याला ४ गुणांची जादा ताकद मिळते. सुरुवातीच्या टर्न्समध्ये, म्हणजे खेळातल्या पाळ्यांमध्ये, जे हल्ले होऊन आपली राजधानी पडते, ते वॉरियर आणि आर्चर (तिरंदाज) घेऊन होतात. त्यांना लोखंड लागत नाही, घोडे लागत नाहीत. तुम्ही काही विकलं असतंत किंवा नसतंत, तो आलाच असता. प्रश्न इतकाच की तो आला तेव्हा आर्चर विकत घ्यायला तुमच्याकडे सोनं होतं का.

गिऱ्हाईक कोण आहे हेही पाहायला हवं. एका खेळात माझ्या सीमेला लागून माँटेझुमा होता आणि त्याच्या पलीकडे फ्रेडरिक, दोघेही एआयने चालवलेले राजे. माँटेझुमाला मी काही दिलं नाही. फ्रेडरिकला मात्र हाताशी होतं तेवढं सगळं लोखंड विकलं. त्याच्या तलवारी माझ्यापर्यंत यायच्या तर मधे माँटेझुमाचं अख्खं राज्य होतं, आणि त्या दोघांचं आधीपासूनच वाकडं होतं. 'प्रतिस्पर्धी' या एका शब्दात दारात उभा असलेला आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाचा, दोघांना एकत्र कोंबलं की असा विचार करताच येत नाही.

सिव्ह फाइव्ह खेळणाऱ्यांना तर हा सल्ला मुळातच लागू पडत नाही. तिथे लोखंड विकलं जात नाही, ते भाड्याने दिलं जातं. साधारण वेगाच्या खेळात डील ३० टर्न्सचं असतं आणि युद्ध पुकारलं गेलं की तिथल्या तिथे तुटतं. तुमच्या लोखंडावर ज्याने सैन्य उभं केलं, त्याने तुमच्यावरच चाल केली तर त्याच्याकडचं लोखंड उणे होतं आणि त्या तुकड्यांची लढण्याची ताकद घटते. म्हणजे ज्याला लोखंड दिलंत, त्याच्या सैन्याची दोरी काही काळ तुमच्या हातात असते. सिव्ह सिक्समध्ये तसं नाही, दिलेला साठा परत येत नाही. दोन्ही खेळांना एकच नियम लावणाऱ्याने हा फरक पाहिलेलाच नसतो.

साठवून ठेवण्याचा मुद्दा साध्या गणितात निकालात निघतो. 'गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये साठ्याची मर्यादा सुरुवातीला ५० असते आणि एनकॅम्पमेंटमधल्या, म्हणजे शहराच्या लष्करी छावणीतल्या, प्रत्येक इमारतीमागे ती १० ने वाढते. लोखंडाची एक खाण दर टर्नला २ देते. दोन खाणी असतील तर तेरा टर्न्समध्ये कोठार भरलं, आणि त्यानंतर येणारं सगळं लोखंड वाया. ते साठत नाही, विकलं जात नाही, कुणाच्याच कामी येत नाही. कोठार काठोकाठ भरलेलं असताना विक्रीला नकार देणं म्हणजे दर टर्नला थोडं सोनं मातीत टाकणं.

सोनं किरकोळ मिळतं आणि एआय डील मोडतो, यातला दुसरा भाग खरा आहे. युद्ध झालं की दर टर्नला येणारे हप्ते बंद पडतात. पण म्हणूनच, ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडून सगळी रक्कम एकदम घ्यायची. हप्ते फक्त जाहीर मैत्री असलेल्याकडून. सिव्ह सिक्समध्ये ती मैत्री ३० टर्न्स टिकते आणि तेवढ्या काळात तो तुमच्यावर युद्ध पुकारूच शकत नाही. किंमत कमी वाटली तर चार जणांना विचारा. ज्याच्याकडे लोखंडाची एकही खाण नाही, तो जास्त देतो.

आता इतिहास. त्याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतलं ते आदिलशाहीकडून. त्यानंतर इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ बंदर आणि अरबस्तानातून येणारे घोडे गोव्याच्या बंदरात उतरवून घ्यायचे आणि तिथून विकायचे, हा पोर्तुगिजांचा मोठा धंदा झाला. गिऱ्हाइकं दोन: विजयनगर आणि तीच विजापूरची आदिलशाही. दोघांनाही घोडदळ हवं होतं, दोघांचंही एकमेकांशी वैर होतं, आणि ती गरज पोर्तुगिजांना नेमकी ठाऊक होती. १५४७ च्या तहात त्यांनी गोव्यात येणारे घोडे विजयनगरलाच द्यायचे, विजापूरला नाही, असं कबूल केलं. लष्करी माल कुणाला द्यायचा आणि कुणाचा तोडायचा, हे मूठभर माणसांच्या सत्तेचं मोठं हत्यार होतं. मुळात विकायचंच नाही असं ठरवलं असतं, तर तोडायलाही काही उरलं नसतं.

काही माल मात्र मीही हात आखडता घेऊन देते, आणि तलवारीची भीती दाखवणारे नेमके त्यांबद्दल फारसं बोलत नाहीत. तेल हा एक. रणगाड्याला दर टर्नला १ तेल लागतं, ते संपलं की त्याची ताकद घसरते. शेजाऱ्याचे रणगाडे तेलावाचून अडले असतील तर त्याला तेल देऊ नका. दुसरा कोळसा, आणि मला त्याची लोखंडापेक्षा कितीतरी जास्त धास्ती वाटते. समुद्रापलीकडच्या राष्ट्राने तुमचा कोळसा त्याच्या वीजकेंद्रात जाळला, तरी कार्बनचा हिशेब साऱ्या जगाचा एकच असतो. समुद्राची पातळी वाढली की तुमच्या सखल किनाऱ्यावरची शेतं आणि वस्त्या पाण्याखाली जातात. त्यासाठी कुणाला युद्ध पुकारावं लागत नाही. माझी बंदरं सखल किनाऱ्यावर असतील तर मी कोळसा विकत नाही, मग समोरचा कितीही सोनं देवो.

आणि युरेनियम. एका अणुबॉम्बला १० लागतं, थर्मोन्यूक्लिअरला २०. ते मी मित्रालाही देत नाही. तीस टर्न्सनंतर तो मित्र राहील की नाही, हे त्या पडद्यावर लिहिलेलं नसतं.