'माणदेशी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: बिगहॉर्न, मेंढरं आणि न्यूमोनिया

माणदेशी, नमस्कार.

बिगहॉर्न या अमेरिकेतल्या रानमेंढीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याला चार ओळींत उत्तर देता येणार नाही, म्हणून इथे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा मथितार्थ: अमेरिकेच्या डोंगरात रानमेंढ्या वाचवायच्या म्हणून पाळीव मेंढ्यांची कुरणं बंद करणं ही आपल्याकडच्या वनखात्याचीच चाल आहे, कोंडवाड्यातल्या प्रयोगांवरून रानातले निष्कर्ष काढलेत, सगळ्यामागे शिंगांचे शौकीन शिकारी आहेत, तिथला मेंढपाळ त्यांच्या आजोबांसारखाच देशोधडीला लागला, आणि "इडाहोत बसून मेंढक्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं."

शेवटच्या वाक्यावर वाद घालत नाही. बाकीच्यांवर घालतो.

आधी प्रयोगांचं बघू. १९८०च्या दशकात वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात विल्यम फोरेट यांनी सहा बिगहॉर्न आणि सहा धडधाकट पाळीव मेंढ्या एकत्र ठेवल्या. मेंढ्यांना काही झालं नाही. सहाही बिगहॉर्न अडीच महिन्यांच्या आत न्यूमोनियाने मेले. रानातलं जनावर कोंडलं की खचून मरतंच, असं तुम्ही म्हणता. हा आक्षेप तेव्हाही होता. म्हणून गाई, घोडे, एल्क हरणं आणि लामा नावाची उंटाच्या कुळातली जनावरं यांच्यासोबतही बिगहॉर्न ठेवून पाहिले गेले, आणि तिथे असा संहार झाला नाही. कोंडणं तेच, सोबती वेगळे. पुढे २०१२ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला: ज्यांच्या नाकात मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनिए हा जिवाणू नाही अशा पाळीव मेंढ्या निवडून त्यांच्यात बिगहॉर्न ठेवले, तेव्हा बहुतेक बिगहॉर्न तीन महिन्यांनंतरही जिवंत होते. म्हणजे आक्षेप मेंढीवर नाही, ती नाकात काय घेऊन फिरते त्यावर आहे.

या जिवाणूला इकडे सगळे 'मोव्ही' म्हणतात. पाळीव मेंढीला त्याचा फारसा त्रास नाही, थोडा खोकला, कोकरांची वाढ जरा मंद. बिगहॉर्नच्या श्वासनळीतले बारीक केस मात्र तो लुळे पाडतो. घाण बाहेर ढकलण्याचं काम थांबलं की घशात एरवी गपगुमान राहणारे जिवाणू फुफ्फुसात उतरतात. कळपातली निम्मी, कधी त्याहून जास्त जनावरं एका हंगामात जातात.

आणि खरी गोम त्यानंतर सुरू होते, जी बातम्यांत येत नाही. ज्या माद्या वाचतात त्यांतल्या काही आयुष्यभर मोव्ही बाळगतात. वसंतात कोकरं जन्मतात, चांगली उड्या मारतात, आणि एक ते तीन महिन्यांची झाली की आईकडूनच संसर्ग होऊन मरतात. पुढच्या वर्षी तेच. दहा-दहा वर्षं कळप वाढत नाही. लांबून दुर्बिणीतून पाहणाऱ्याला माद्या दिसतात, धष्टपुष्ट दिसतात, त्याला वाटतं सगळं ठीक आहे. इडाहो-ऑरेगनच्या सीमेवरच्या हेल्स कॅन्यन या खोल दरीत शेवटी अशा वाहक माद्या तपासून, शोधून कळपातून काढल्या, तेव्हा कुठे कोकरं जगायला लागली. लस का देत नाही, असं तुम्ही विचारलंत. भरवशाची लस नाही, आणि असती तरी कड्यावरच्या जनावराला दरवर्षी कोण टोचणार?

'रानात संसर्ग होताना कुणी पाहिलंय का?' हा प्रश्न मात्र नेमका आहे. क्वचितच. नोव्हेंबर-डिसेंबरच्या माजाच्या काळात आणि एरवीही तरुण एडके मैलोन्‌मैल भटकतात, पाळीव कळपात शिरतात, आणि परत आपल्या कळपाकडे जातात. हे रात्रीबेरात्री, एखाद्या घळीत घडतं. पण आता जिवाणूचे वाण जनुकांवरून ओळखता येतात, आणि एखाद्या साथीतला वाण पाळीव मेंढ्यांकडून आला की बिगहॉर्नच्याच शेजारच्या कळपातून, हे बरंचसं सांगता येतं. तुम्हाला एक गोष्ट कदाचित माहीत नसेल: पाळीव कळपात शिरून आलेला एडका दिसला तर इथली कित्येक राज्यांची वन्यजीव खाती त्यालाच गोळी घालतात, तो आजार घेऊन परतू नये म्हणून. मरतो तो रानमेंढाच.

शिकाऱ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. एका बिगहॉर्नच्या शिकारीचा परवाना लिलावात लाखो डॉलरना जातो, आणि संवर्धनाचा मोठा पैसा तिथूनच येतो. मलाही ते रुचत नाही. पण बिगहॉर्न फक्त त्यांचा नाही. तुकुदिका हे इथले मूळनिवासी लोक त्याच्या शिंगांपासून धनुष्यं बनवत. इडाहोतल्या पेयेट राष्ट्रीय वनात मेंढ्या चारू द्यायच्या का या वादात नेझ पर्स ही जमात बिगहॉर्नच्या बाजूने उभी होती. त्या वनाने २०१० साली मेंढ्यांच्या चराईजोग्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के बंद केली; लोकर उत्पादकांची संघटना कोर्टात गेली आणि २०१६ साली अपिलातही हरली.

आता 'मेंढपाळ देशोधडीला लागला' याबद्दल. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साडेपाच कोटींच्या वर मेंढ्या होत्या, आज पन्नास लाखांच्या आसपास आहेत. हे बिगहॉर्नने केलं नाही. कृत्रिम धागा आला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं मटण आलं, १९९३ साली लोकरीचं सरकारी अनुदान बंद करण्याचा कायदा झाला. अर्थात, ज्याचं उन्हाळी कुरण जातं त्याला या आकडेवारीचा काय उपयोग? उंचावरचं गवत गेलं तर त्याचं सगळं वर्षाचं फिरणंच मोडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही त्याची आणि तुमच्या आजोबांची बरोबरी मला पटत नाही. इथल्या चराईच्या परवानाधारकाकडे कागद आहे. पाच मेंढ्यांच्या महिनाभराच्या चराईला तो बरीच वर्षं १.३५ डॉलर भरत होता. कुरण बंद होतं तेव्हा कधी त्याला दुसरं दिलं जातं, कधी वन्यजीव संस्था पैसे देऊन त्याला परवाना सोडायला राजी करतात. माणच्या धनगराला वनरक्षकाने दंडाची पावती फाडण्याखेरीज काय दिलं? बरोबरी करायचीच तर त्या पेरूहून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या मेंढक्याशी करा, जो हजारभर मेंढ्या, दोन पांढरी कुत्री आणि एक गाडीघर घेऊन महिनोन्‌महिने डोंगरावर एकटा असतो. पूर्वी हे काम बास्क लोक करायचे. कुरण बंद करायच्या सुनावणीत परवानाधारक बोलतो, संस्था बोलतात, या माणसाला कुणी बोलावत नाही. त्याच्यासाठी तुम्ही भांडत असाल तर मी तुमच्या शेजारी उभा आहे.

आणि वनखात्याची चाल म्हणालात, तर हेही लक्षात ठेवा: दख्खनच्या माळावर रानमेंढी नाहीच. आपल्याकडचे शापू, न्यान आणि भरल तिकडे लडाखात. माळावरच्या काळवीट-चिंकाऱ्याला हे बिगहॉर्नचं शास्त्र लागू होत नाही. उद्या कुणी अधिकारी अमेरिकेतला न्यूमोनिया दाखवून तुमचा मेंढरांचा वाडा हटवायला आला, तर माझा लेख त्याच्यापुढे धरा. लडाखात मात्र हा प्रश्न विचारावाच लागेल. मंगोलियात २०१६-१७ मध्ये शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा विषाणूजन्य रोग सायगा हरणांत शिरला आणि हजारो मेले. पीपीआर म्हणजे काय हे तुमच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

राहिला तुमचा शेवटचा टोमणा, 'शहरी लोकांच्या हौशी शेळ्यांचं काय?' हा मला सगळ्यात आवडला, कारण दुखणं तिथेच आहे. सरकारी वनातल्या कळपाला नियम लावता येतो. डोंगराच्या पायथ्याशी पाच एकरांत चार शेळ्या हौसेने पाळणाऱ्याला नाही. त्याची जमीन खाजगी, कुंपण मोडकं. १९९५-९६ची हेल्स कॅन्यनची साथ सुटली तेव्हाही एका मोकाट शेळीकडे बोट गेलं होतं. काही ठिकाणी वन्यजीव खाती आता अशा लोकांच्या जनावरांच्या नाकातले नमुने फुकट तपासून देतात. यायचं की नाही, ते त्यांच्या मर्जीवर.